आपल्या बाजूची माती

आमच्या आक्काला जगातल्या सगळ्या लढायांबद्दल एकच प्रश्न पडायचा. लढाई कुठली, जिंकलं कोण, हे ती विचारत नसे. ती विचारायची, "आधी कोण कुणाच्या दारात गेलं?" मी मांडीवरचा पेपर खालीवर करून उत्तर शोधायचो. बहुतेक वेळा कुणी गेलेलं नसायचं, किंवा गेलं तेव्हा उशीर झालेला असायचा. मग ती मान हलवून सुपातले तांदूळ पुन्हा पाखडायला लागायची.

तिला जाऊन आता चार महिने होतील. होळीनंतर ताप आला आणि आठव्या दिवशी गेली. मी तिच्याहून आठ वर्षांनी लहान. आई लवकर वारल्यामुळे मला वाढवलं तिनंच. ती सासरी गेली तेव्हा मला बेळगावच्या शाळेत घालावं असा हट्टही वडिलांपाशी तिनंच धरला. मला चार शब्द लिहिता येतात ते तिच्यामुळे. तेच शब्द मी एकदा चुकीचे वापरले आणि त्याचा बोल तिनं सोसला. ते लिहायचं म्हणून बसलो आहे. रोज थोडं लिहितो, पुष्कळ खोडतो.

तिचं सासर खानापूरकडचं. बेळगावाहून गाडीनं खानापूर, तिथून दीड तास चालत. गावाभोवती भाताची रानं आणि रानं संपली की जंगल. जर्मनची लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा दाजी बेळगावच्या कॅम्पात जाऊन पलटणीत भरती झाले. कुणी सक्ती केली नव्हती. गावातले चौघे निघाले, हे पाचवे. भाचा तेव्हा सहा महिन्यांचा होता. दाजी बसऱ्याला गेले आणि तिथल्या तापानं गेले. त्यांनी बंदूक उडवली की नाही हेही आम्हांला कधी कळलं नाही.

लढाई संपल्यावर सरकारकडून काशाची एक जड तबकडी आली. तिच्यावर दाजींचं नाव आणि सिंहाला घेऊन उभी असलेली एक बाई. आक्कानं ती तांदळाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली. एवढी जड, की उंदराला हलवता येत नसे. बायका नावं ठेवायच्या, देवाजवळ ठेव म्हणायच्या. ती म्हणायची, "त्यास्नी भात लई आवडायचा. हितंच बरं हाय."

भाताच्या मुलखात बांधाइतकं भांडणाचं दुसरं मूळ नाही. बांध ढासळला की पाणी खालच्या रानात जातं. नांगर दरवर्षी बोटभर बांध खातो आणि दहा वर्षांत त्या बोटांचा हात होतो. त्या गावात यावर एक रीत होती. अक्षय तृतीया झाली की, धूळपेरणी सुरू व्हायच्या आधी, दोन्ही रानांच्या मालकांनी बांधावर यायचं. दोघं आल्याशिवाय फावडं लावायचं नाही. एक आजारी असला तर दुसऱ्यानं थांबायचं. आणि बांधावर पहिली माती ज्याची त्यानं आपल्या रानातली उचलून घालायची. मग दोघांनी गूळ-खोबरं खायचं आणि घरी जायचं.

आक्काच्या रानाला लागून दाजींच्या चुलत्यांचं रान होतं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आवाज मोठा, आणि खानापूरच्या कचेरीत खेटे घालायची हौस त्याहून मोठी. दाजी गेल्याचं कळलं त्या वर्षी लोक म्हणाले, बांधावर बाईमाणूस कसं उभं राहणार, भावाला पाठव. आक्का पदर डोईवर घेऊन स्वतः गेली. भावालाही नेलं, फावडं धरायला. मी तेव्हा मॅट्रिकच्या तयारीत होतो आणि माझ्या हाताला शाईशिवाय कशाची सवय नव्हती.

आप्पांनी मला नीट बघून घेतलं. "ए शाळेच्या, उलटं धरलंयस की रं फावडं. लेखणी न्हवं ती."

"शिकंल की, आप्पा," आक्का म्हणाली. "तुमी कचेरीत जायाचं शिकलासा की न्हाय?"

आप्पा इतके हसले, की त्यांना बांधावर बसावं लागलं. त्या दोन रानांमध्ये पुढं कधी दावा झाला नाही. परत येताना मी विचारलं, की इतकी घाई कशाला, पाऊस तर महिन्याभरावर आहे. ती म्हणाली, "पेरायच्या आधी बोलायचं असतंय. बी टाकल्यावर कोण मागं सरत न्हाय."

पुढं मी निपाणीच्या एका शाळेत मास्तर झालो. गाव तंबाखूच्या वखारींचं. वारा फिरला की निम्मा वर्ग शिंकायचा आणि फळ्याकडं तोंड करून मीही. संध्याकाळी वाचनालयात जायचो. तिथं मागच्या लढाईवरची काही पुस्तकं होती. ती मी मन लावून वाचली, कारण दाजी कशासाठी गेले हे मला आक्काला सांगायचं होतं. मेच्या सुट्टीत तिच्या ओसरीवर बसून सांगितलं. लांबच्या एका गावात एका राजपुत्राचा खून झाला. त्यानंतर महिनाभरानं लढाई पेटली.

"महिनाभर?" तिचे हात थांबले. "महिन्यात भात हातभर वर येतंय. त्या महिन्यात कोण कुणाच्या दारात गेलं?"

"तारा केल्या. जर्मनीचा बादशहा आणि रशियाचा बादशहा, दोघांनी एकमेकांना रोज तारा केल्या. ते नात्यानं भाऊच लागत होते."

"भाऊ?"

"लांबचे का होईना, भाऊच."

"भावाभावांनी तारा केल्या," ती म्हणाली, "आणि उठून गेलं न्हाईत. गाडी नसंल तिकडं."

मी सांगितलं, की गाड्या होत्या, आणि तीच तर अडचण झाली. गाड्यांतून फौजा सीमेकडं निघाल्या होत्या. कुठली गाडी कधी सुटणार याची कोष्टकं वर्षानुवर्षं तयार होती. आता फौजा परत फिरवल्या तर सगळा घोटाळा होईल असं सेनापती म्हणाले, आणि बादशहांनी ते ऐकलं.

"म्हंजे पेरून झालं हुतं," आक्का म्हणाली.

एवढ्या पुस्तकांतून मला जे सांगता आलं नव्हतं, ते तिनं तेवढ्यात सांगितलं. तरी मी वाद घातला. राजाला असं कुणाच्या दारात जाता येत नाही, त्याच्या मागं दरबार असतो, लोक भ्याड म्हणतात. ती म्हणाली, आप्पांच्या बांधावर ती गेली तेव्हा लोक काय कमी बोलले होते काय. मग उठून तिनं मला घावन घातलं आणि बादशहांचा विषय तिथंच राहिला.

दुसरी लढाई यायच्या आदल्या वर्षी मी बेळगावच्या शाळेत आलो होतो आणि टिळकवाडीत दोन खोल्या घेऊन राहत होतो. त्या वर्षी इंग्लंडचे पंतप्रधान, म्हातारा माणूस, विमानात बसून जर्मनीला गेले. एकदा नाही, तीनदा. शाळेतले सगळे मास्तर म्हणत, लढाई टळली. दसऱ्याच्या सुट्टीत मी जवळजवळ धावतच आक्काकडं गेलो. तिचा प्रश्न मला पाठ होता आणि पहिल्यांदाच माझ्याकडं त्याचं उत्तर होतं.

"गेला आक्का. स्वतः उठून दारात गेला. लढाईच्या आधी."

तिला खरंच आनंद झाला. "गेला व्हय? म्हातारा हाय म्हणतोस? बरं केलं त्यानं." मग म्हणाली, "मिटलं कशावर?"

मी सांगितलं. जर्मनीला शेजारच्या एका लहान देशाचा मुलूख हवा होता, तो देऊन मिटलं.

"त्यो लहान देशवाला हुता तिथं?"

"त्याची माणसं आली होती. पण बैठकीत घेतलं नाही. बाहेर बसवून ठेवलं होतं."

परसात म्हैस ओरडत होती, तिकडं आक्काचं लक्षच गेलं नाही. शेवटी म्हणाली, "मग बांध घातलाच न्हाय की त्यांनी. दुसऱ्याच्या रानातली माती उचलली, आणि ज्याचं रान त्यो उभाच न्हाय."

मी जरा चिडलो. एवढा मोठा माणूस एवढ्या लांब गेला त्याचं काहीच नाही का? ती म्हणाली, "हाय की. गेला ते चांगलंच. पर मास्तर, नुसतं लवकर जाऊन काय करायचं?"

वर्षभरात लढाई पेटली. हे सगळं तिच्या तोंडून ऐकलेल्या माणसानं दोन वर्षांनी काय केलं, ते आता लिहितो.

भाचा चोविसाचा झाला होता. उंच, दाजींसारखाच कमी बोलणारा. त्याचं लग्न करायचं घाटत होतं. भरतीवाले गावोगाव फिरत होते. आक्कानं काही बोलून दाखवलं नाही, पण एके दिवशी सकाळच्या गाडीनं ती एकटीच माझ्या दारात आली. हातात तांदळाचं गाठोडं, पायांवर धूळ.

"पोरगं परवा कॅम्पात जायाचं म्हणतंय. मला सांगितलं न्हाय, पर आप्पास्नी बोललाय." ती बसलीसुद्धा नाही. "तू साहेबाला पत्र लिव. लिव, की बाप मागच्या लढाईत गेला आणि आईला हा एकच हाय. लई न्हाय, एवढंच. इंग्रजीत लिव म्हंजे वाचतील."

"त्याला विचारलंस का?"

"इचारलं आणि त्यो न्हाय म्हणाला, मग?" ती म्हणाली. "आताच उठायला पायजे. रांगंत उभारल्यावर त्यो मागं सरायचा न्हाय."

मी लिहिलं. तिनं सांगितलेली दोन वाक्यं लिहिली आणि वाचून बघितली. मला ती अपुरी वाटली. बाप गेलेली मुलं त्यांच्याकडं ढिगानं येत असणार. म्हणून मी माझ्या मनानं तिसरं वाक्य घातलं, की मुलाला लहानपणापासून रातांधळेपणा आहे, अंधार पडला की त्याला दिसत नाही. हे खोटं होतं. आक्काला मी ते वाचून दाखवलं नाही. तिनं मराठीत विचारलं, "लिवलंस तसंच?" आणि मी हो म्हणालो. पत्र त्याच दिवशी कॅम्पात पोचतं केलं. लवकर, अगदी वेळेच्या आधी.

पुढचं मला आप्पांकडून कळलं; आक्काला त्यांनी पोरगं पुण्याला गेलं एवढंच सांगितलं होतं. भाचा रांगेत उभा होता. कारकुनानं नाव विचारलं, कागद काढला, वाचला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मराठीत सांगितला. शेवटचं वाक्य ऐकून रांगेत हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "दिवस हाय तवर घरला पळ रं, न्हायतर वाट दिसायची न्हाय." भाचा तिथून निघाला तो गावाकडं आला नाही. स्टेशनवर जाऊन पुण्याची गाडी पकडली आणि तिथं भरती झाला.

दोन-तीन महिन्यांनी, समुद्रापलीकडं जायच्या आधी, तो सुट्टीवर आला. मी मुद्दाम गेलो होतो. ओसरीवर तो खांबाला टेकून उभा होता, खाकी कपड्यांत, आणि आक्का उंबऱ्यावर बसली होती.

"जाऊ नगं म्हणाली असतीस, ते चाललं असतं," तो म्हणाला. "पर रातांधळा म्हणून लिवलंस? गावात मला सोयरीक कोण देईल आता?"

आक्कानं त्याच्याकडं बघितलं. मग हळूच माझ्याकडं. त्या क्षणापर्यंत तिला हा शब्द माहीत नव्हता. मी जमिनीकडं बघत होतो.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच सांगितलं तसं लिवाय. भ्यालते मी."

"मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर थांबला असतास?"

"न्हाय. पर उभा तरी राह्यलो असतो तुझ्याम्होरं. बोललो असतो."

आक्का उठली आणि त्याच्या फराळाचं बांधायला आत गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. तिनं मला बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "त्यो डबा काढ. वरचा." मी डबा काढून दिला. बाहेर जाऊन सांगायला मला वीस पावलं होती. ती मी चाललो नाही. म्हटलं, आता नको, निघायच्या वेळी मन दुखवायला नको, परत आल्यावर सांगू. टाळणाऱ्याला कारणं पुष्कळ सापडतात.

मग तो आधी आफ्रिकेत आणि नंतर इटलीत गेला. पत्रं आईच्या नावानं यायची आणि वाचायचो मी. प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली. "इथं रात्रीचा पहारा माझ्याकडंच असतो. आईला सांगा, मला सगळं दिसतं." पहिल्यांदा आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या-चौथ्या पत्रानंतर ती ओळ यायच्या आधीच हसू लागली. "वाच की पुढचं, पहाऱ्याचं," म्हणायची. उत्तरं मी लिहायचो, म्हैस व्यायली, आप्पा पडले पण बरे आहेत, बांध घातला. त्यातल्या कुठल्याही पत्रात मला माझं ते वाक्य लिहिता आलं असतं. पाच वर्षं पोस्ट चालू होतं.

त्या वर्षांत मी वर्गात युरोपचा इतिहास शिकवायचो. परीक्षेला ठरलेला प्रश्न असायचा, की युद्ध टाळता आलं असतं काय. मुलं लिहायची, पुढाऱ्यांनी वेळीच पावलं उचलली असती तर टळलं असतं. मी पूर्ण गुण द्यायचो. आजही ते उत्तर मला चूक वाटत नाही. पण मीही पाऊल वेळीच उचललं होतं. ते उचलताना ज्याचा प्रश्न होता तो समोर नव्हता, आणि टाकलं ते खोटं. नंतर जे पाऊल टाकायचं होतं ते टाकलंच नाही. मोठ्या माणसांना मी आता पूर्वीइतक्या सहज दोष देत नाही. देतो, पण पेन जरा थांबतं. परवापासून पेपरात देशाच्या मधून ओढायच्या रेषेच्या बातम्या आहेत. घड्या उघडताना कानात आक्काचाच आवाज येतो, की ज्यांची रानं ती माणसं कुठं उभी आहेत.

भाचा गेल्या वर्षी परत आला. सडसडीत झाला होता, कानशिलावर पांढरे केस. आक्कानं आठवड्यात त्याचं लग्न ठरवलं. मुलीच्या बापानं दबकत विचारलं, रात्री दिसतं ना? तेव्हा भाचाच म्हणाला, "इटलीतल्यास्नी इचारा." सगळे हसले, मीही हसलो. आक्का मात्र माझ्याकडं बघत होती. जाताना तिनं विचारलं, "सांगितलंस त्याला?"

"सांगतो."

"सांग," ती म्हणाली, जसं लहानपणी जेवून घे म्हणायची तसं. तिनं परत विचारलं नाही. होळीनंतर ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत तिचा ताप इतका होता, की मी तिच्या कानाशी जाऊन "सांगतो" म्हणालो ते तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

अक्षय तृतीयेनंतर भाच्याचा निरोप आला. बांध घालायचा आहे, या. मी गेलो. आप्पा आता शहात्तरीच्या पुढं गेलेत, त्यांचा मुलगा बांधावर उभा होता आणि ते जांभळीखाली घोंगडं टाकून बसले होते. सूनबाईनं गूळ-खोबऱ्याची वाटी आणली होती. वाटीवर झाकण म्हणून ती तबकडी होती. सगळे उभे राहिले. आता भाचा फावडं लावणार, तेवढ्यात मी म्हणालो, "थांब. मला काही सांगायचंय." आणि सांगितलं. आक्काची दोन वाक्यं, माझं तिसरं. सूनबाईच्या आणि आप्पांच्या मुलाच्या देखत सांगितलं, कारण त्याला हसले ते लोकांच्या देखतच हसले होते.

भाचा फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होता.

"मामा," तो म्हणाला, "आपल्या घरात इंग्रजी येणारं दुसरं कोण हाय?"

माझी नजर पुन्हा जमिनीकडं गेली.

"आणि आई खोटं सांगायची तवा मान खाली घालायची. त्या दिवशी ती माझ्याकडं बघून बोलली. मान तुमी घातलीती." त्यानं घाम पुसला. "सुट्टीवर आलो तवा राग आईवर हुता, खरं हाय. बोटीवर बसल्यावर सगळं ध्यानात आलं. आल्यावर मी आईला म्हणालो बी, की मला म्हाईत हाय म्हणून. ती म्हणाली, मास्तरला बोलू नगंस. त्येचा त्यो येईल."

"आणि काय म्हणाली?"

तो जरा हसला. "लवकर यायचा न्हाय, म्हणाली. पर येईल."

मग त्यानं फावडं माझ्या हातात दिलं. म्हणाला, आईची माती यंदा तुम्ही घाला. मी चप्पल काढून तिच्या रानात उतरलो. ढेकळं तापली होती. खाली वाकलो, तर डोळे भरून आल्यामुळे मला नीट दिसेना. जांभळीखालून आप्पांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक, पण तोच.

"ए शाळेच्या, उलटं धरलंयस की रं."

मी फावडं फिरवलं आणि आपल्या बाजूची माती उचलली.